तरुण रग्बी खेळाडूशी दीर्घ मुदतीचा करार: मुदत सर्वात शेवटी ठरवा

शालेय स्पर्धेत सोळा-सतरा वर्षांचा एखादा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने पळणारा खेळाडू, तिघांना चकवून ट्राय करतो, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवतो, आणि त्याच संध्याकाळी क्लबच्या कार्यालयात कोणीतरी म्हणतं, "या पोराला पाच वर्षं बांधून टाका." मग इंटरनेटवरून इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या क्लबच्या कराराचा नमुना उतरवला जातो. नाव आणि रक्कम भरली जाते, मुलाची सही होते, खाली वडिलांची. हार घालून फोटो निघतो आणि कागद फाइलमध्ये जातो. दोन वर्षांनी मुलगा दुसरीकडे निघाला की फाइल उघडते. तेव्हा वकील सांगतो की यातलं जवळजवळ काहीच टिकणारं नाही.

चूक खेळाडू निवडण्यात नसते. ती क्रमात असते. "पाच वर्षं" हा आकडा पहिल्या मिनिटाला ठरतो आणि वय, तब्येत, पैसा, बाहेर पडण्याची वाट हे सगळं त्या आकड्यात कोंबलं जातं. खालचे टप्पे त्याच्या उलट क्रमाने लावले आहेत. लेख क्लबच्या पदाधिकाऱ्यांसाठी आहे, पण मुलाच्या पालकांनीही तो वाचावा, कारण क्लबने जिथे जपून राहायचं तिथेच पालकांनी प्रश्न विचारायचे असतात.

## टप्पा १: आधी वय, तेही कागदावर

खेळाडूची जन्मतारीख तीन ठिकाणी ताडून बघा: जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीचं प्रमाणपत्र. आधार कार्डावर विसंबू नका. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली सांगितलं आहे. तीन कागदांत दोन वेगळ्या तारखा निघाल्या तर तिथेच थांबा आणि दुरुस्ती करून घ्या. वयोगटाच्या स्पर्धेत हाच घोळ पुढे खेळाडूच्या मानगुटीवर बसतो.

तारखेला इतकं महत्त्व का? भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ११ नुसार अठरा वर्षांखालची व्यक्ती करार करायला पात्रच नाही. मोहरी बीबी खटल्यात १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, स्पष्ट केलं की अल्पवयीनाशी केलेला करार मुळापासून शून्य असतो. नंतर रद्द करण्याजोगा वगैरे नाही, अस्तित्वातच नाही. अठरा पूर्ण झाल्यावर "मला मान्य आहे" असं लिहून दिल्यानेही त्यात जीव येत नाही.

इथेच परदेशी नमुना दगा देतो. इंग्लंडच्या कायद्यात अल्पवयीनाच्या एकूण हिताचा नोकरीचा किंवा प्रशिक्षणाचा करार त्याच्यावर बंधनकारक ठरू शकतो. १९३५ साली तिथल्या न्यायालयाने एका अल्पवयीन मुष्टियोद्ध्याला मंडळाचे नियम लागू धरले होते. त्यामुळे तिकडचे क्लब सतरा वर्षांच्या मुलाची सही निर्धास्त घेतात. तोच कागद मुंबई-पुण्यात आणला की त्याच्या पायाखालची जमीनच नसते.

"पण वडिलांनी सही केली आहे ना!" हे उत्तर मुंबईनेच निकालात काढलेलं आहे. १९४९ सालच्या राजराणी विरुद्ध प्रेम अदीब खटल्यात एका अल्पवयीन अभिनेत्रीच्या वतीने वडिलांनी चित्रपट निर्मात्याशी करार केला होता. भूमिका दुसरीला गेली. मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की करार मुलीशी असेल तर तो शून्य आहे, आणि वडिलांशी असेल तर करार टिकायला लागणारा कायदेशीर मोबदला त्यात नाही. म्हणजे दोन्हीकडून हात रिकामे. पालकांनी हे नीट लक्षात घ्यावं: असा कागद क्लबचं रक्षण करत नाही, तसाच तुमच्या मुलाचंही करत नाही. क्लबने उद्या पैसे थांबवले तर तुम्ही दाद कशाच्या जोरावर मागणार?

तपासा: सही करण्याच्या दिवशी खेळाडूची अठरा वर्षं पूर्ण आहेत का? उत्तर "नाही" असेल तर टप्पा २. "हो" असेल तर थेट टप्पा ३.

## टप्पा २: अठराखाली करार नको, शिष्यवृत्तीचं पत्र द्या

सतरा वर्षांच्या खेळाडूला गमवायचं नसेल तर त्याला बांधण्याऐवजी स्वतःला बांधून घ्या. क्लबच्या लेटरहेडवर एकतर्फी पत्र द्या: आम्ही इतके महिने प्रशिक्षण, बूट, आहार, फिजिओ, प्रवासखर्च आणि शाळा-कॉलेजची फी देऊ. मुलाच्या अंगावर कोणतंही कर्ज, दंड किंवा परतफेड टाकू नका. अल्पवयीनाला फायदा मिळू शकतो, त्याच्यावर बोजा लादता येत नाही.

पत्रात एक ओळ हवी: अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर क्लब खेळाडूसमोर नव्या कराराचा प्रस्ताव ठेवेल आणि तो स्वीकारायचा की नाही हे खेळाडू ठरवेल. "अठरा झाल्यावर करार आपोआप लागू होईल" ही ओळ मात्र नको. ती जवळपास प्रत्येक मसुद्यात सापडते आणि कायद्यापुढे तिला किंमत नाही. अठरानंतर करार नवा, मोबदला नवा, सही नवी.

मुलगा हातचा निसटेल अशी भीती इथे सगळ्यांना वाटते. निसटू शकतो, खरं आहे. पण चांगला प्रशिक्षक, वेळेवर मिळणारा प्रवासखर्च आणि दुखापतीत सोबत राहणारा क्लब सोडून सतरा वर्षांची मुलं सहसा पळत नाहीत. पळतात ती पोकळ आश्वासनांपासून.

इशारा: चौदा वर्षांखालच्या मुलासाठी बालकामगारविषयक कायद्यातली खेळांना दिलेली सवलत अटींसह आहे. त्या नियमांत दिवसाला पाच तासांची मर्यादा आहे आणि मुलाच्या कमाईचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकण्याची अट आहे. चौदाच्या पुढे ही ठेवीची सक्ती नाही, तरी पालकांनी तीच सवय ठेवावी असं मी म्हणेन.

## टप्पा ३: क्लबच्या बाजूने सही नक्की कोणाची?

महाराष्ट्रातले बरेच क्रीडा क्लब संस्था नोंदणी कायदा, १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली नोंदलेले असतात. काही ठिकाणी वेगळी कंपनी असते, काही ठिकाणी नुसतंच नाव आणि एक व्हॉट्सॲप गट. करार कोणाशी होतोय हे पहिल्या परिच्छेदात नोंदणी क्रमांकासह यायला हवं. कार्यकारिणीचा ठराव हवा, आणि सही करणाऱ्याला तो अधिकार ठरावात दिलेला हवा. अध्यक्षांनी उत्साहात केलेली सही पुढच्या कार्यकारिणीने नाकारल्याची उदाहरणं आपल्याकडे शोधायला लागत नाहीत.

पालकांनी आणखी एक पायरी खाली उतरावं. इंग्लंडमधल्या वूस्टर वॉरियर्स या रग्बी क्लबच्या खेळाडूंचे करार डब्ल्यूआरएफसी प्लेअर्स लिमिटेड नावाच्या वेगळ्या कंपनीकडे होते. थकलेल्या करापोटी ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाने ती कंपनी गुंडाळायचा आदेश दिला आणि खेळाडूंचे करार त्याच दिवशी संपले. कोणाचं एक वर्ष उरलं होतं, कोणाची जास्त, काही फरक पडला नाही. त्याच महिन्यात वॉस्प्स या क्लबचं दिवाळं वाजलं, पुढच्या वर्षी लंडन आयरिश या क्लबचं. लांब मुदत ही पैसे देणाऱ्याच्या तब्येतीइतकीच लांब असते. म्हणून गेल्या दोन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागा. क्लबने दाखवायला का-कू केली तर त्यातच उत्तर आहे.

राज्य संघटनेकडची खेळाडूची नोंदणी कोणत्या क्लबच्या नावे आहे तेही बघून घ्या. जुन्या क्लबचा ना हरकत दाखला लागणार असेल तर तो सहीआधी हातात हवा. "नंतर आणून देतो" हे उत्तर स्वीकारू नका.

## टप्पा ४: वर्षातले किती आठवडे तुम्ही विकत घेताय?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून तो वेगळा टप्पा केला आहे.

जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. सहा संघ, सात-सात खेळाडूंचा प्रकार, आणि सगळी स्पर्धा साधारण दोन आठवड्यांत आटोपली. चेन्नई बुल्स जिंकले. आता समजा, एखादा संघ अशा स्पर्धेसाठी खेळाडूला तीन वर्षं बांधतोय आणि करारात "या मुदतीत खेळाडू अन्य कोणत्याही संघाकडून खेळणार नाही" अशी ओळ आहे. दोन आठवड्यांचे पैसे आणि बावन्न आठवड्यांचं बंधन! उरलेल्या पन्नास आठवड्यांत मुलाने काय करायचं?

म्हणून वर्षाचं कॅलेंडर घ्या आणि त्यावर चार रंगांनी खुणा करा: क्लबचे सामने, लीग, राज्य आणि राष्ट्रीय शिबिरं, परीक्षा. क्लबला खरोखर कोणते आठवडे हवेत ते त्यातून दिसेल. बंधन तेवढ्याच आठवड्यांपुरतं लिहा, किंवा मग वर्षभराचं मानधन द्या. सात जणांचा आणि पंधरा जणांचा खेळ वेगळे आहेत, तेव्हा करार एकासाठी की दोन्हींसाठी तेही लिहा. ते न लिहिल्यामुळे होणारे वाद अगदी क्षुल्लक आणि अगदी कडवट असतात.

देशाकडून खेळण्याची मोकळीक हा वाटाघाटीचा विषयच नाही. जागतिक रग्बी संघटनेच्या नियमावलीतल्या ९ क्रमांकाच्या नियमानुसार ठरावीक काळात राष्ट्रीय संघाने बोलावलं तर क्लबला खेळाडू अडवता येत नाही, आणि करारातून तसं बंधन घालताही येत नाही. मसुद्यात "क्लबच्या परवानगीने" असे शब्द घुसले असतील तर काढून टाका.

## टप्पा ५: तपासणी पैशाच्या आधी

रक्कम ठरल्यावर वैद्यकीय तपासणी केली की दोन्ही बाजू डोळे झाकतात. क्लबला खेळाडू हवा असतो आणि खेळाडूला पैसे, मग खांद्याचं जुनं दुखणं कोणी बोलत नाही. तपासणी आधी करा आणि खर्च क्लबने करावा.

- गुडघे आणि खांदे हाडांच्या डॉक्टरकडून बघून घ्या. जुनी दुखापत असेल तर एमआरआय.
- डोक्याला मार लागण्याआधीची मूळ नोंद घेऊन ठेवा, स्कॅट ६ सारख्या ठरलेल्या चाचणीने. ती नसेल तर पुढे मेंदूला धक्का बसल्यावर तुलना कशाशी करणार?
- वजन, उंची आणि वाढ अजून चालू आहे का. सतराव्या वर्षीचा विंगर विसाव्या वर्षी सेंटर किंवा फ्लँकर अशा दुसऱ्या जागी खेळू शकतो. करारात जागेचं नाव घालून त्याला अडकवू नका.

मेंदूच्या धक्क्यानंतर मैदानावर परतायचा निर्णय डॉक्टरचाच राहील, प्रशिक्षक किंवा मालकाचा नाही, आणि त्या काळात मानधन कापलं जाणार नाही ही दोन वाक्यं करारात शब्दशः हवीत. दुसरं नसेल तर पहिल्याला अर्थ नाही. पैसे कापले जाणार म्हटल्यावर पोरगं डोकं दुखत असतानाही "मी ठीक आहे" म्हणणारच.

तपासा: क्लबने काढलेल्या अपघात विम्याची अपवादांची यादी वाचली का? व्यावसायिक खेळात झालेली दुखापत बऱ्याच वैयक्तिक अपघात पॉलिसींत वगळलेली असते. "विमा आहे" एवढं तोंडी आश्वासन पुरेसं नाही. पॉलिसीची प्रत करारासोबत जोडा.

## टप्पा ६: पैसा पायऱ्यांनी

एकूण रक्कम मोठी दिसावी म्हणून ती पाच वर्षांची एकत्र सांगितली जाते. तिचे महिने करा. उदाहरणादाखल, "नऊ लाखांचा करार" पाच वर्षांत वाटला तर महिन्याला पंधरा हजार होतात. त्यातून खोलीभाडं आणि अंडी-दूध वजा करा.

मानधनाचे तीन भाग वेगळे लिहा: दरमहा ठरलेलं, सामन्यागणिक आणि कामगिरीवर. पहिल्या भागातच दीर्घ कराराची खरी किंमत असते, कारण दुखापतीत तोच उरतो. दरवर्षी वाढ किती हे आजच आकड्यात लिहा. "परस्पर संमतीने वाढ" म्हणजे शून्य वाढ.

शिवाय फेरविचाराचे टप्पे घाला. वरिष्ठ संघात पहिल्यांदा निवड, भारताकडून पदार्पण, हंगामात ठरावीक सामने, यांपैकी काही घडलं की मानधन आपोआप पुढच्या पायरीवर जावं. हे क्लबच्याच फायद्याचं आहे. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन ब्रॉन्कोज या क्लबने पेन हास या विशीच्या आतल्या फॉरवर्डला, म्हणजे पुढच्या फळीतल्या खेळाडूला, सहा वर्षांसाठी बांधलं. तो लीगमधल्या सर्वोत्तम फॉरवर्डांपैकी एक झाला आणि २०२२ मध्ये करार चालू असतानाच त्याने मुक्तता मागितली. क्लबने नकार दिला, प्रेक्षकांनी स्वतःच्याच खेळाडूची हुर्यो उडवली, शेवटी तो राहिला आणि पुढे नवा करार झाला. कागद क्लबच्या बाजूने होता, तरी पुन्हा बोलणी करावीच लागली. पायऱ्या आधीच असत्या तर हा तमाशा टळला असता असं माझं मत.

जर्सीवरचे फोटो क्लबचे, पण खेळाडूचं स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून केलेल्या जाहिरातीचा वाटा वेगळा लिहा. कर कपात पगार म्हणून होणार की व्यावसायिक मानधन म्हणून, ते सनदी लेखापालाला आधी विचारा. अल्पवयीनाने स्वतःच्या कौशल्यावर मिळवलेलं उत्पन्न पालकांच्या उत्पन्नात मिळवलं जात नाही, हे बऱ्याच घरांत माहीत नसतं.

## टप्पा ७: बाहेर पडण्याचा दरवाजा

वेळ कमी असेल तर बाकी टप्पे उरका, पण इथे थांबा. दीर्घ करार मोडतोच असं धरून लिहायचा असतो.

मुदत चालू असताना. कराराच्या काळात खेळाडूने दुसऱ्या संघाकडून खेळू नये, ही अट भारतात टिकू शकते. १९६७ च्या सेंच्युरी स्पिनिंग प्रकरणात कल्याणच्या कारखान्यात तयार केलेला एक कर्मचारी पाच वर्षांचा करार मोडून कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरची मनाई कायम ठेवली. पण याचा अर्थ नीट समजून घ्या. न्यायालय खेळाडूला "तुमच्याकडून खेळच" असा हुकूम देणार नाही, कारण वैयक्तिक कौशल्याच्या करारात तशी सक्ती होत नाही. फार तर ते म्हणेल, "मुदत संपेपर्यंत दुसरीकडे खेळू नकोस." म्हणजे तुमच्या हाती काय आलं? बाकावर बसलेला, रागावलेला वीस वर्षांचा मुलगा. अट लिहा, पण तिच्यावर संघ उभा करू नका.

मुदत संपल्यावर. इथे करार कायद्याचं कलम २७ येतं: व्यवसाय करण्यावर बंधन घालणारा करार तेवढ्यापुरता शून्य. "करार संपल्यावर दोन वर्षं राज्यातल्या दुसऱ्या क्लबकडून खेळणार नाही" ही ओळ लिहिणं म्हणजे शाई वाया घालवणं. त्याहून चतुर वाटणारी ओळ असते ती अशी: "करार संपल्यावर दुसऱ्याचा प्रस्ताव आला तर आधी आम्हाला तीच रक्कम देण्याची संधी द्यावी." तीही टिकत नाही. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचा खटला इथे आठवावा. एका व्यवस्थापन कंपनीशी त्याचा २००० सालापासून तीन वर्षांचा करार होता आणि त्यात नेमकी अशीच अट होती. मुदत संपल्यावर तो दुसऱ्या कंपनीकडे गेला. पहिली कंपनी न्यायालयात गेली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरली. करार संपला की खेळाडू मोकळा.

दंड. "मध्येच सोडल्यास दहा लाख भरावेत." त्याच कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. त्याच्या आत न्यायालय वाजवी नुकसानभरपाई ठरवतं. २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट योग्य धरली, त्यामुळे बंधपत्र मुळातच बेकायदा असं समजू नका. फरक हिशेबात आहे. क्लबने खेळाडूवर खर्च केलेली रक्कम बिलांसह दाखवता आली आणि दंड त्याच्या आसपास, दरवर्षी उतरत जाणारा असला, तर तो टिकायची शक्यता चांगली. पंधरा हजार महिन्याला देऊन दहा लाख मागितले तर न्यायाधीशांच्या भुवया उंचावणारच.

पर्याय कोणाच्या हातात? "दोन अधिक एक" असं लिहिलेलं असतं, पण ते शेवटचं एक वर्ष क्लब ठरवणार की खेळाडू? एकट्या क्लबच्या हातातला पर्याय म्हणजे क्लबला तीन वर्षांची बांधिलकी हवी आहे आणि द्यायची दोनच आहे. त्या जादा वर्षाचं मानधन दुसऱ्या वर्षापेक्षा ठोस जास्त ठेवा, नाहीतर पर्याय दोघांच्या संमतीवर ठेवा. पर्याय वापरण्याची शेवटची तारीख हंगाम संपण्याच्या किमान दोन महिने आधीची असावी, म्हणजे नकार आला तरी मुलाला दुसरा संघ शोधता येतो.

मुक्ततेच्या निश्चित वाटा. सलग दोन महिने मानधन थकलं, क्लब वरच्या स्पर्धेतून बाहेर पडला, परदेशातल्या क्लबचा किंवा विद्यापीठाचा प्रस्ताव आला, सरकारी नोकरी लागली. यांतली शेवटची सर्वात महत्त्वाची. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, शिवाय रेल्वे, पोलीस आणि सैन्यदल आहेतच. आपल्याकडे रग्बी खेळणाऱ्या बहुतेक घरांचं खरं स्वप्न ती नोकरी असते. तिच्या आड येणारा करार मोडलाच जाईल आणि गावात क्लबचं नाव खराब होईल ते वेगळंच.

इशारा: "वाद झाल्यास क्लबचे अध्यक्ष लवाद नेमतील" ही ओळ आजही सर्रास दिसते. वादात ज्याचा हितसंबंध आहे त्याने एकट्याने एकमेव लवाद नेमायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून स्पष्ट केलं आहे. लवाद दोघांच्या संमतीने, आणि ठिकाण खेळाडूला परवडेल असं.

## टप्पा ८: आता मुदत

वरचं सगळं कागदावर आलं की मुदतीचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. फुटबॉलमधला दंडक कामाला येतो: फिफाच्या नियमांनुसार व्यावसायिक करार साधारणपणे जास्तीत जास्त पाच वर्षांचा, आणि अठराखालच्यांसाठी तीनचा. रग्बीला तो लागू नाही, तरी अंदाज येतो.

माझा हिशेब असा. अठरा-एकोणीस वर्षांचा, वरिष्ठ सामने न खेळलेला खेळाडू: दोन वर्षं, आणि दोघांच्या संमतीने तिसरं. दोन हंगाम वरिष्ठ संघात टिकलेला: तीन वर्षं. चार-पाच वर्षं त्यालाच, ज्याचं शरीर आणि जागा दोन्ही स्थिरावल्या आहेत. जेसन टॉमालोलोला ऑस्ट्रेलियातल्या नॉर्थ क्वीन्सलंड काउबॉयज या क्लबने २०१७ मध्ये दहा वर्षांचा करार दिला हे उदाहरण नेहमी पुढे केलं जातं. पण तेव्हा तो तेवीस वर्षांचा, विजेतेपद मिळवलेला, आंतरराष्ट्रीय खेळाडू होता. शालेय स्पर्धेतल्या तीन ट्रायवरून तसा करार कोणी देत नाही.

तपासा: मुदतीच्या शेवटच्या वर्षाचं ठरलेलं मानधन क्लबकडे आज दिसत असलेल्या उत्पन्नातून निघतं का? प्रायोजक मिळेल या आशेवर असेल तर एक वर्ष कमी करा.

## टप्पा ९: सहीचा दिवस

मसुदा खेळाडूला किमान दहा दिवस आधी द्या, आणि त्याला नीट वाचता येईल अशा भाषेत. इंग्रजी प्रत अधिकृत असेल तर मराठी किंवा हिंदी भाषांतर जोडा, आणि दोन्हींत तफावत आढळल्यास खेळाडूच्या बाजूचा अर्थ धरला जाईल असं लिहा. त्याने स्वतःचा वकील घेतला तर नाराज होऊ नका. उलट पुढे "मला समजलंच नव्हतं" हा बचाव त्यामुळे बंद होतो.

मग क्रमाने:

१. मुद्रांक शुल्क कोणत्या अनुच्छेदाखाली आणि किती, ते वकिलाकडून लिहून घ्या. शुल्क सहीच्या आधी किंवा त्याच दिवशी भरा. "शंभरचा बाँड आणा" हा सल्ला महाराष्ट्रात आता जुना झाला.
२. रिकाम्या जागा भरा किंवा रेघ मारून बंद करा. कोऱ्या कागदावर, धनादेशावर किंवा राजीनाम्यावर सही मागितली गेली तर पालकांनी तिथून उठावं.
३. प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंची आद्याक्षरं, शेवटी पूर्ण सही, तारीख, ठिकाण.
४. दोन साक्षीदार, त्यांतला किमान एक क्लबबाहेरचा.
५. विमा पॉलिसी, वैद्यकीय अहवाल, ठरावाची प्रत, ना हरकत दाखला आणि कॅलेंडर परिशिष्ट म्हणून जोडा.
६. मूळ सहीची एक प्रत त्याच दिवशी खेळाडूच्या हातात. झेरॉक्स नव्हे.

सत्कार समारंभात, माइकसमोर, पाहुण्यांच्या हस्ते सही घेऊ नका. सही आधी कार्यालयात करा, फोटो हवा तर नंतर काढा.

एजंट मध्ये असेल तर त्याचे पैसे कोण देणार आणि किती, हे त्याच दिवशी लेखी. तो दोन्हीकडून घेत असेल तर दोघांनाही कळू द्या.

## टप्पा १०: सहीनंतरचे तीस दिवस

राज्य संघटनेकडे नोंदणी बदला आणि पोच घ्या. पहिलं मानधन बँकेतूनच द्या, रोखीत नको. बँकेची नोंद हा उद्याच्या वादातला सर्वात स्वस्त पुरावा आहे. खेळाडूच्या नावे खर्चाचं वेगळं पान उघडा आणि शिबिर, प्रवास, फिजिओची बिलं त्यात लावत जा. टप्पा ७ मधल्या दंडाचा हिशेब याच पानावरून निघणार आहे.

शेवटी तीन तारखा सचिवाच्या आणि पालकांच्या, दोघांच्याही मोबाइलमध्ये आठवणीसाठी लावा: वार्षिक वाढीची, पर्याय वापरण्याच्या शेवटच्या दिवसाच्या तीस दिवस आधीची आणि विम्याच्या नूतनीकरणाची. सचिव बदलला की या तारखा नव्या सचिवाला लेखी द्या. पर्यायाची नोटीस ई-मेल आणि स्पीड पोस्ट अशा दोन्ही मार्गांनी पाठवायची, आणि टपालाची पावती करारासोबत त्याच फाइलमध्ये ठेवायची.